नर्सिंग होममधल्या आईवडिलांची गाडी आणि तिचे बिल : अमेरिकेतील मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात ‘नर्सिंग होम’ म्हटले की डॉक्टरांच्या राहत्या घराखालचे दहा-पंधरा खाटांचे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते, आणि तिथल्या नोंदणीचा १९४९ चा कायदाही त्याच नावाचा आहे. अमेरिकेतले नर्सिंग होम ही वेगळी वस्तू आहे. तिथे डॉक्टर रोज नसतात, एमआरआय नसतो, डायलिसिस बहुधा नसते, त्यामुळे राहणाऱ्या माणसाला या ना त्या कारणाने सतत बाहेर न्यावे लागते. सासूबाई न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग होममध्ये होत्या, त्या काळात आमच्या घरी औषधांपेक्षा गाड्यांच्या बिलांवर जास्त चर्चा झाली. त्यानंतर ओळखीच्या लोकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. आकडे २०२५ सालचे आहेत.

सासऱ्यांना मेडिकेअर आहे. मग गाडीचा खर्च मेडिकेअरच देणार ना?

मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा सरकारी आरोग्यविमा, कधी पैसे देतो, कधी नर्सिंग होमला द्यायला लावतो आणि कधी अजिबात देत नाही. हे तीन गोष्टींवर ठरते: त्या दिवशीचा मुक्काम कोणाच्या पैशावर चालू आहे, गाडी कोणती आहे आणि ती नेमकी कुठे चालली आहे. यांतली पहिली गोष्ट घरच्यांना बहुधा माहीतच नसते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

दुसरा एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. बाहेरच्या तपासणीला, दंतवैद्याकडे किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे असेल तर गाडीची व्यवस्था करायला मदत करणे हे संघराज्याच्या नियमांनुसार नर्सिंग होमचे काम आहे. परंतु गाडी ठरवून देणे वेगळे आणि तिचे पैसे भरणे वेगळे. ‘आम्ही गाडीची सोय केली आहे’ असे नर्सने फोनवर सांगितले, तर पैसे कोण भरणार हे तिने सांगितलेले नसते.

मुक्काम कोणाच्या पैशावर आहे, हे कसे कळणार?

नर्सिंग होमच्या बिलिंग ऑफिसला किंवा सोशल वर्करला सरळ विचारावे: “आज त्यांचा मुक्काम मेडिकेअर पार्ट ए मध्ये आहे, मेडिकेडमध्ये आहे, की स्वतःच्या पैशाने?” मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी राज्यांमार्फत चालणारी सरकारी योजना. रुग्णालयात किमान तीन दिवस रीतसर दाखल राहून माणूस नर्सिंग होममध्ये आला आणि त्याला रोजच्या कुशल शुश्रूषेची किंवा थेरपीची गरज असली, तर मूळ मेडिकेअरचा पार्ट ए, म्हणजे रुग्णालय आणि त्यानंतरच्या शुश्रूषेचा भाग, एका आजारपणात जास्तीत जास्त १०० दिवसांचा खर्च उचलतो. पहिले २० दिवस काही भरावे लागत नाही, २१ व्या दिवसापासून दिवसाला एक ठरीव रक्कम भरावी लागते (२०२५ मध्ये २०९.५० डॉलर). हे १०० दिवस मिळतीलच असे मात्र नाही. थेरपीची गरज संपली असे ठरले की पार्ट ए चाळिसाव्या दिवशीही थांबू शकतो. शिवाय रुग्णालयात ‘निरीक्षणाखाली’ ठेवलेले दिवस त्या तिनांत धरले जात नाहीत, आणि चार रात्री खाटेवर काढलेल्या माणसाला आपण दाखल झालोच नव्हतो हे नंतर कागदावरून समजते. पार्ट ए कोणत्या तारखेला सुरू झाला आणि कोणत्या तारखेला संपला, या दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. पुढची जवळजवळ सगळी उत्तरे त्यांच्यावर अवलंबून आहेत.

पार्ट ए चालू असताना रुग्णवाहिकेचे पैसे कोण देते?

१९९७ च्या कायद्यानंतर मेडिकेअर नर्सिंग होमला दिवसाला एक ठरीव रक्कम देते आणि त्या रकमेत बहुतेक सेवा धरलेल्या असतात. वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेली रुग्णवाहिकाही त्यांत येते. म्हणजे आजोबांना पडूनच न्यावे लागत असेल आणि त्यांना हाडांच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये दाखवून परत आणले असेल, तर रुग्णवाहिका कंपनीने ते बिल नर्सिंग होमला पाठवायचे असते. ते मेडिकेअरला जात नाही आणि तुमच्या घरी तर मुळीच यायला नको.

याला ठरलेले अपवाद आहेत. नर्सिंग होममध्ये प्रथम दाखल होताना आणलेली फेरी, तिथला मुक्काम संपवून घरी जातानाची फेरी, रुग्णालयात दाखल होण्यासाठी नेलेली फेरी, डायलिसिसच्या फेऱ्या, आणि रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या काही मोठ्या सेवांसाठीचे जाणे-येणे हे त्या ठरीव रकमेच्या बाहेर असते. या मोठ्या सेवांमध्ये तातडीचा विभाग, हृदयाची कॅथेटर तपासणी, सीटी स्कॅन, एमआरआय, रेडिएशन, अँजिओग्राफी आणि शस्त्रक्रियागृहातल्या शस्त्रक्रिया येतात. अशा फेरीचे बिल मेडिकेअरच्या पार्ट बी कडे, म्हणजे डॉक्टर, बाह्यरुग्ण सेवा आणि रुग्णवाहिका यांच्या भागाकडे जाते.

यातली मेख अशी की सीटी, एमआरआय आणि रेडिएशन यांचा अपवाद फक्त रुग्णालयापुरता आहे. तोच सीटी स्कॅन रस्त्यापलीकडच्या स्वतंत्र इमेजिंग सेंटरमध्ये काढला, तर रुग्णवाहिकेचा खर्च पुन्हा नर्सिंग होमवर येतो. त्यामुळे कुठे नेले याचा पत्ता बिलावर बरोबर आहे की नाही, हे आधी पाहावे. एका नर्सिंग होममधून त्याच दिवशी दुसऱ्या नर्सिंग होममध्ये हलवले असेल, तर तो खर्च पहिल्याने द्यायचा असतो.

आम्हाला व्हीलचेअर व्हॅनचे बिल आले आहे. तेही नर्सिंग होमने द्यायला नको का?

दुर्दैवाने नाही. मेडिकेअर फक्त रुग्णवाहिका ओळखते. व्हीलचेअर व्हॅन असो, स्ट्रेचर व्हॅन असो किंवा टॅक्सी असो, तिला पार्ट ए मध्येही पैसे नाहीत आणि पार्ट बी मध्येही नाहीत. यातून एक विचित्र पेच तयार होतो. माणूस खुर्चीत बसू शकत असेल, तर रुग्णवाहिका ‘आवश्यक नाही’ म्हणून तिचे पैसे मिळत नाहीत, आणि व्हॅन ‘आमच्या यादीतच नाही’ म्हणून तिचेही मिळत नाहीत. थोडी ताकद असलेल्या माणसाला हा नियम अंथरुणाला खिळलेल्या माणसापेक्षा महाग पडतो.

तरीही एक गोष्ट हातात असते. दिवसाच्या दरात कोणत्या सेवा नाहीत आणि त्यांचे किती पैसे पडतील, हे नर्सिंग होमने दाखल करतानाच आणि नंतरही वेळोवेळी सांगितले पाहिजे, असा नियम आहे. प्रवेशाच्या वेळच्या त्या जाड फाइलमध्ये दरपत्रक शोधावे. काही नर्सिंग होमांची स्वतःची व्हॅन असते आणि जवळच्या फेऱ्या ती फुकट करतात. त्यांच्या लोकांना विचारल्याशिवाय हे सहसा कोणी सांगत नाही.

सासूबाईंच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी तपासणी होती. त्या वेळी त्या आधार घेऊन खुर्चीत बसू लागल्या होत्या. व्हॅनवाल्याने मागचा रॅम्प खाली घेतला, खुर्ची आत ढकलली, चार कोपऱ्यांचे चार पट्टे जमिनीतल्या खाचांना आवळले आणि पाचवा पट्टा त्यांच्या पोटावरून नेला. “विमानातसुद्धा इतकं बांधत नाहीत,” असे त्या म्हणाल्या. मग त्याने टॅबलेट माझ्यापुढे धरला आणि मी सही केली. त्या सहीबद्दल पुढे सांगते.

पार्ट ए संपला, पण आई अजून तिथेच राहते. आता काय?

आता रुग्णवाहिकेसाठी पार्ट बी लागू होतो. वर्षाला एक ठरीव रक्कम आधी भरावी लागते (२०२५ मध्ये २५७ डॉलर) आणि त्यानंतर मेडिकेअरने मंजूर केलेल्या रकमेच्या २० टक्के. मेडिगॅप, म्हणजे मूळ मेडिकेअरला जोडून घेतलेली खासगी पूरक पॉलिसी, असेल तर हे २० टक्के बहुधा तीच भरते. मेडिकेअरने ठरवलेला दर रुग्णवाहिका कंपन्यांना २००२ पासून मान्य करावाच लागतो. त्यामुळे मंजूर झालेल्या फेरीवर त्या याहून जास्त मागू शकत नाहीत.

खरी अडचण ‘आवश्यक’ या शब्दाची आहे. ठरवून केलेल्या फेरीसाठी दुसऱ्या कोणत्याही गाडीने नेणे रुग्णाच्या प्रकृतीला धोक्याचे आहे, हे दाखवावे लागते. ‘अंथरुणाला खिळलेला’ याची व्याख्या तीन अटींची आहे आणि तिन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: मदतीशिवाय अंथरुणातून उठता येत नाही, चालता येत नाही आणि खुर्चीत किंवा व्हीलचेअरवर बसता येत नाही. खिळलेला नसला तरी सतत ऑक्सिजन देऊन त्यावर लक्ष ठेवावे लागणे अशी वेगळी कारणे चालू शकतात, पण ती कागदावर स्पष्ट लिहिलेली हवीत. ‘अशक्तपणा’ एवढे लिहून भागत नाही.

डॉक्टरांचे प्रमाणपत्रही लागते. परंतु प्रमाणपत्र असले म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे, कारण तपासणारा नर्सच्या आणि थेरपिस्टच्या रोजच्या नोंदीही वाचतो. डॉक्टरांनी ‘बसता येत नाही’ असे लिहिले, आणि त्याच सकाळी थेरपिस्टने ‘वॉकर घेऊन चाळीस फूट चालल्या, दुपारी जेवायला खुर्चीत बसल्या’ अशी कौतुकाने नोंद केली, तर दावा तिथेच संपतो. आईने प्रगती केली याचा आनंद आणि गाडीचे बिल एकाच दिवशी हाती पडते. म्हणून फेरीच्या आधी नर्सला विचारावे की आजच्या नोंदींप्रमाणे कोणती गाडी योग्य आहे. चुकीची मोठी गाडी मागवण्यापेक्षा योग्य छोटी गाडी नेहमी स्वस्त पडते.

आणखी एक मर्यादा आहे. पार्ट बी जवळच्या योग्य ठिकाणापर्यंतच्या अंतराचेच पैसे देतो. जुने डॉक्टर तीस मैलांवर आहेत आणि आईचा त्यांच्यावरच विश्वास आहे, हे कारण त्याला मान्य नाही.

बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावे लागते. दर फेरीला एवढी कागदपत्रे करायची का?

नाही. दहा दिवसांत तीन किंवा जास्त जाणे-येणे होत असेल, किंवा सलग तीन आठवडे आठवड्यातून एकदा तरी जावे लागत असेल, तर त्याला ‘वारंवार होणारी ठरलेली वाहतूक’ म्हणतात आणि तिला आधीच मंजुरी मागता येते. ही पद्धत डिसेंबर २०१४ मध्ये न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलिना या तीन राज्यांत सुरू झाली आणि २०२२ पर्यंत देशभर लागू झाली. मंजुरीचा अर्ज रुग्णवाहिका कंपनी करते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र फेरीच्या तारखेपूर्वी ६० दिवसांहून जुने चालत नाही. हे काम कटकटीचे असले तरी मंजुरीचा निर्णय आधी हातात पडणे कुटुंबाच्या फायद्याचे आहे, कारण नकार यायचाच असेल तर तो छत्तीस फेऱ्यांनंतर येण्यापेक्षा पहिल्या फेरीपूर्वी आलेला बरा. डायलिसिस होणे हे रुग्णवाहिकेचे कारण होत नाही, हे मात्र ध्यानात घ्यावे. बसून जाता येत असेल तर इथेही व्हॅनच.

रात्री तातडीने रुग्णालयात नेले आणि पहाटे दोनला परत पाठवले. परतीचे पैसे मिळतील का?

जातानाच्या फेरीबद्दल सहसा वाद होत नाही. शुद्ध हरपली, श्वास लागला, पडून डोक्याला मार लागला अशा वेळी ९११ ला फोन करावा आणि पैशाचा विचार नंतर करावा. परतीची फेरी मात्र स्वतंत्रपणे तपासली जाते. तपासण्या ठीक आल्या, माणूस खुर्चीत बसून चहा पितो आहे आणि दोन वाजता व्हॅन मिळत नाही म्हणून रुग्णवाहिकेने पाठवले, तर ‘व्हॅन मिळाली नाही’ हे मेडिकेअरच्या दृष्टीने वैद्यकीय कारण नाही. अशा वेळी तातडीच्या विभागातल्या केस मॅनेजरला दोन प्रश्न विचारावेत: पडून न्यायचे वैद्यकीय कारण तुम्ही लिहिणार आहात का, आणि नसेल तर सकाळी सातपर्यंत थांबता येईल का? झोपेत हे सुचत नाही, म्हणून फोनमध्ये लिहून ठेवावे.

मेडिकेड असेल तर?

मेडिकेडचे चित्र पुष्कळ बरे आहे. मेडिकेड घेणाऱ्यांना उपचारांपर्यंत पोहोचता येईल याची हमी प्रत्येक राज्याने दिली पाहिजे, असा जुना नियम होता आणि २०२० च्या डिसेंबरअखेर मंजूर झालेल्या कायद्याने तो अधिक पक्का झाला. यात व्हीलचेअर व्हॅनही येते, आणि गरज असल्यास सोबतच्या माणसाचा खर्चही धरता येतो.

परंतु पैसे कोणत्या खिशातून येतात, हे राज्याराज्यांत वेगळे आहे. काही राज्यांत साधी वाहतूक नर्सिंग होमच्या रोजच्या दरातच धरलेली असते, तर काही राज्यांत राज्याने नेमलेल्या ब्रोकर कंपनीकडे काही दिवस आधी फेरी नोंदवावी लागते. त्यामुळे टेक्सासमधल्या मावशीचा अनुभव न्यू जर्सीत उपयोगी पडेलच असे नाही. मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्ही असतील, तर रुग्णवाहिकेचे बिल आधी मेडिकेअरकडे आणि उरलेले मेडिकेडकडे जाते.

मेडिकेडवर राहणाऱ्या माणसाचे जवळजवळ सगळे उत्पन्न नर्सिंग होमच्या खर्चात जाते आणि हातखर्चाला थोडी रक्कम उरते, जी संघराज्याच्या नियमाने महिन्याला किमान ३० डॉलर असते आणि अनेक राज्यांत त्याहून थोडी जास्त. त्यातून कोणी व्हॅनचे पैसे मागत असेल, तर आधी राज्याच्या मेडिकेड कार्यालयाला विचारावे. योजनेत न बसणारा पण आवश्यक असा वैद्यकीय खर्च त्या उत्पन्नातून वजा करून घेता येतो का, हाही प्रश्न तिथेच विचारावा.

गाडीवाल्याच्या कागदावर मी सही केली. आता पैसे माझ्यावर येतील का?

इथे ती सही येते. टॅबलेटवर मी ज्या चौकटीत सही केली, तिच्यावर ‘जबाबदार व्यक्ती’ असे छापले होते. मला वाटले, सोबत कोण आले होते याची ती नोंद असावी. तीन आठवड्यांनी माझ्या नावाने बिल आले.

नर्सिंग होमला दाखल करून घेण्याची अट म्हणून मुलांकडून किंवा सुनेकडून पैशाची वैयक्तिक हमी मागता येत नाही, हे १९८७ च्या सुधारणा कायद्यापासून ठरलेले आहे. रुग्णाचे पैसे तुमच्या हातात असतील, तर त्या पैशांतून बिल भरण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, स्वतःच्या पैशांतून भरण्याची येत नाही. परंतु हा नियम नर्सिंग होमच्या प्रवेशासाठी आहे. बाहेरच्या गाडीवाल्याच्या कागदावर तुम्ही आपण होऊन सही केली, तर तो वेगळा करार मानला जाऊ शकतो. म्हणून सही करायचीच असेल, तर रुग्णाचे नाव लिहून त्याखाली ‘यांच्या वतीने, वैयक्तिक जबाबदारीशिवाय’ असे इंग्रजीत लिहावे. पॉवर ऑफ अॅटर्नी (मुखत्यारपत्र) असेल तर तसा उल्लेख करावा. चालक घाई करतो, मागे दुसरी फेरी थांबलेली असते, तरी करू द्यावी.

मूळ मेडिकेअरऐवजी अॅडव्हांटेज योजना असेल तर?

अॅडव्हांटेज म्हणजे खासगी विमा कंपनीमार्फत चालणारे मेडिकेअर. ती असेल, तेव्हा योजनेचे पुस्तक हाच कायदा समजावा. टक्क्यांऐवजी फेरीमागे ठरीव को-पे (रुग्णाने भरायचा वाटा) असू शकतो, तातडीच्या नसलेल्या फेरीला पूर्वपरवानगी लागू शकते आणि गाडी योजनेच्या यादीतलीच असावी लागू शकते. काही योजना वर्षाला ठरावीक मोफत फेऱ्याही देतात. व्हॅनचा खर्च वाचण्याची ही एक खरी शक्यता आहे, पण त्या फेऱ्या नर्सिंग होममधून घेता येतात का, हे फोन करून आधी विचारावे.

हॉस्पिस घेतल्यावर?

हॉस्पिस म्हणजे आजार बरा करण्याऐवजी शेवटच्या काळात आराम देणारी सेवा. ज्या आजारासाठी हॉस्पिस घेतले, त्यासंबंधीची वाहतूक हॉस्पिस संस्थेच्या आराखड्यात असली तर तिचा खर्च तीच उचलते. म्हणून हॉस्पिसच्या नर्सला विचारल्याशिवाय गाडी बोलावू नये.

आईवडील ग्रीन कार्डावर आले आहेत. त्यांचे काय?

अमेरिकेत काम न केलेल्या पासष्टीपुढच्या ग्रीन कार्डधारकाला सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर मेडिकेअर विकत घेता येते. पार्ट ए चा पूर्ण हप्ता २०२५ मध्ये महिन्याला ५१८ डॉलर होता. मेडिकेडलाही बहुतेकांच्या बाबतीत पाच वर्षांची अट आहे, काही राज्यांच्या स्वतःच्या सवलती सोडल्या तर. तोपर्यंत खासगी विमा असेल, तर हे ध्यानात ठेवावे की अचानक येणाऱ्या बिलांपासून संरक्षण देणारा, २०२२ पासून अमलात आलेला कायदा हवाई रुग्णवाहिकेला लागू आहे, रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेला नाही.

बाबांना आमच्या राज्यात किंवा भारतात हलवायचे आहे. त्याचा खर्च?

घरच्यांच्या जवळ आणणे हे मेडिकेअरच्या लेखी वैद्यकीय कारण नाही, त्यामुळे हा खर्च स्वतःचाच. विमानात स्ट्रेचर लावून भारतात नेण्यासही मेडिकेअर काही देत नाही. पुण्यात किंवा नाशकात वृद्धाश्रमात ठेवायचे ठरले तर तिथे १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पण ती तातडीसाठी. ठरलेल्या तपासणीला नेणे-आणणे हे तिचे काम नाही. त्यासाठी वृद्धाश्रमाची गाडी मिळते का आणि तिचे किती पैसे, हे प्रवेश घेतानाच लेखी घ्यावे.

चुकीचे वाटणारे बिल आले. आता काय करू?

लगेच भरू नये, आणि कचऱ्यातही टाकू नये. प्रथम तारीख पाहून त्या दिवशी पार्ट ए चालू होता का ते ताडावे. चालू होता आणि फेरी रुग्णवाहिकेची होती, तर ‘हे बिल नर्सिंग होमला पाठवा’ असे रुग्णवाहिका कंपनीला लेखी कळवावे आणि एक प्रत नर्सिंग होमच्या बिलिंग ऑफिसला द्यावी. मेडिकेअरसोबत राज्याची क्यूएमबी ही कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सवलत मिळत असेल, तर मंजूर फेरीचे २० टक्केही रुग्णाकडून मागता येत नाहीत.

मेडिकेअरने नाकारले असेल, तर समरी नोटीस (कोणते दावे मंजूर झाले आणि कोणते नाकारले, हे सांगणारे मेडिकेअरचे पत्रक) मिळाल्यापासून १२० दिवसांत पहिले अपील करता येते, आणि तेही फेटाळले गेले तर त्यानंतर १८० दिवसांत दुसरे. अपिलासोबत फेरीच्या वेळी गाडीतल्या लोकांनी भरलेला अहवाल मागवून जोडावा, कारण रुग्णाला कसे उचलले, ऑक्सिजन किती होता, स्ट्रेचर का लागला हे त्यात असते. फुकट मार्गदर्शनासाठी प्रत्येक राज्यात शिप नावाची सल्ला योजना आहे, आणि नर्सिंग होमशी वाद असेल तर राज्याचा लाँग टर्म केअर लोकपाल आहे. मेडिकेअरचा फोन १-८००-६३३-४२२७. दुभाषा मागितला तर फुकट मिळतो, आणि वृद्ध माणसाला स्वतः बोलायचे असेल तर तो जरूर मागावा.

माझ्या सहीच्या बिलाचे पुढे काय झाले, असे अनेकजण विचारतात. व्हॅन असल्यामुळे मेडिकेअरचा प्रश्नच नव्हता. नर्सिंग होमच्या प्रवेशाच्या फाइलमध्ये व्हॅनचा दर कुठेच लिहिलेला नव्हता, हे मी त्यांच्या बिलिंग ऑफिसला पत्राने दाखवून दिले. दोन महिन्यांनी त्यांनी अर्धी रक्कम सोडली आणि उरलेली अर्धी आम्ही सासूबाईंच्या खात्यातून भरली.